माप न झालेला मटाम

सोलापूरच्या पोटात सव्वापाच किलोमीटरचा बोगदा आहे, आणि त्यातल्या तळ्याजवळच्या स्टेशनाखालचा चर मी खणलेला आहे. आमच्या वडार गल्लीत हे ऐकलं नाही असं माणूस नाही. नव्या सुनेला बघायला पाहुणे आले होते तेव्हासुद्धा मी त्यांना आधी बोगदा सांगितला, मग चहा दिला. नवरा म्हणायचा, यल्लूबाई, तू मेलीस तरी तिरडीवर उठून बसशील आणि खांदेकऱ्यांना चराची खोली सांगशील. तो स्वतः गेला बिचारा, मी अजून सांगतेच आहे.

मी सन दोन हजारची. शाळा तिसरीपर्यंत, पुढे खोरं. चौतीस साली बोगद्याचं काम आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता यंत्रं खणणार, वडारांना कोण विचारतो. पण तळ्याजवळचं स्टेशन किल्ल्याच्या भिंतीला लागून. मोठं यंत्र चाललं तर भिंत हादरणार, म्हणून शेवटचा चर हातानं खणायचा ठरला. स्टेशनाच्या फरशीखालून एक लांब चर, त्यात फोडलेला दगड भरायचा, वर लोखंडाची जाळी आणि काँक्रीट. जमिनीतून जे पाणी झिरपेल ते या चरातून वाहत टोकाच्या खड्ड्यात जाणार, आणि तिथले पंप ते वर फेकणार. खड्ड्याला पाणी यायची दुसरी वाट नाही. आमच्या तीस माणसांच्या टोळीची मुकादम मी. बाई मुकादम बघून कंपनीचा सुपरवायझर हसला होता. दोन दिवस हसला, मग हसायचा थांबला.

सदतीस साली गाडी सुरू झाली. आमचा धाकटा हणमंता, माझा पाठचा भाऊ, पंपांवर कामाला लागला. चार वर्षं गाडी चालली. एकेचाळीसच्या पावसाळ्यात तळं भरलं आणि स्टेशनात कमरेइतकं पाणी आलं. पंप जळाले. चौकशी झाली, त्यात निघालं की हणमंता कामावर झोपला होता, पंप कोरडे फिरत राहिले आणि जळून गेले. त्याला काढून टाकलं. बोगद्याला कुलूप लागलं. मी भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत म्हणाले, माझ्या चराला झोपाळू रखवालदार मिळाला. तो बायकोमुलं घेऊन अक्कलकोटला गेला आणि तिथं मोटारी गुंडाळायचं दुकान टाकलं. माझा नवरा गेला तेव्हा आला होता. दारात उभा राहिला, हात जोडले, पाणी न पिता गेला.

तेवीस वर्षं बोगदा बंद. आणि वरती ऊन असं की दुपारी बारा ते चार रस्त्यावर यायला आता कायद्यानंच बंदी आहे. बस नाही, रिक्षा नाही. दवाखाना जवळ असला तरी चारपर्यंत माणसानं घरातच कण्हायचं. आमच्या शेजारची मुद्द्यांची म्हातारी अशीच साडेतीन वाजता गेली. जमिनीखाली मात्र बारा महिने गारवा. म्हणून बोगदा पुन्हा सुरू करायचं घाटत होतं, आणि ते ज्यांच्या हातात होतं त्यांत माझी नात ईश्वरी.

माझ्या थोरल्याची मुलगी. सव्वीस वर्षांची, जंतूंची इंजिनियर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, जंतू मारणारे डॉक्टर ऐकलेत, जंतूंकडून बांधकाम करून घेणारी तू कोण गं. तिनं मला बंबाजवळ नेलं.

आपल्या बोअरच्या पाण्यानं बंबाच्या तळाशी पांढरा थर चढतो ना, तो दगडच आहे. चढायला वर्षं लागतात. ईश्वरीचे जंतू तोच थर चार दिवसांत चढवतात. त्यांना युरिया खायला घालायचा, शेतात टाकतात तोच, आणि पाण्यात कॅल्शियमचं मीठ विरघळवून सोडायचं. जंतू युरिया पचवतात तसं पाण्यातलं कॅल्शियम त्यांच्या अंगाभोवती दगड होऊन बसतं. जंतू स्वतःच्याच दगडात गाडला जातो, त्याच्या पाठीवर दुसरा बसतो, त्याच्यावर तिसरा. भिंतीतली भेग अशी आतून बुजत जाते, जिथं माणसाची सुई जाणार नाही तिथंसुद्धा. आधीचे जंतू वाहत्या पाण्यात टिकत नसत. ईश्वरीच्या लोकांनी जो नवा वाण काढला तो वाहत्या पाण्यात भेगेच्या कडेला घट्ट धरतो.

"आणि वास?" मी विचारलं. कारण तिच्या कपड्यांना गोठ्यासारखा वास यायचा.

ती म्हणाली, युरिया पचला की अमोनिया सुटतो. जिथं वास तिथं जंतू कामाला लागलेत असं समजायचं. यंत्रं नंतर सांगतात, नाक आधी सांगतं.

मला मुलगी तिथं आवडली. आमच्या कामातही तसंच होतं.

एक गोष्ट मात्र तिनं बजावून सांगितली होती. हा वाण साचलेल्या पाण्यात सोडायचा नाही. वाहतं पाणी असेल तर तो कडा धरतो, साचलेलं असेल तर तळाशी बसून सगळ्याचाच दगड करतो. म्हणून स्टेशनात सोडायच्या आधी चराचे नकाशे तपासले. नकाशावर चर सरळ, उताराचा, अडथळा कुठंच नाही. खाली डोकावून बघायचं तर फरशीतल्या लोखंडी जाळीमुळं यंत्राला पलीकडचं दिसत नाही. नकाशावर भरवसा ठेवला.

जंतूंचा पहिला हप्ता सोडला. भिंती भराभर सुकल्या. वर्तमानपत्रात ईश्वरीचा फोटो आला, मी तो गल्लीत इतका फिरवला की कडा फाटल्या. दुसरा हप्ता मोठा, मंगळवारी सोडायचा होता. बोगद्यासाठी नेमलेल्या समितीनं लिहूनच दिलं होतं की महिनाअखेर स्टेशन कोरडं झालं नाही तर बोगदा वाळूनं भरून टाकायचा, कायमचा.

रविवारी बाराच्या आत ती माझ्याकडं जेवायला आली. चार वाजेपर्यंत बाहेर पडता येत नाही म्हणून निवांत होती. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, तिच्या आवडीचं. खाताखाता सांगत होती की खाली किल्ल्याकडच्या बाजूला फरशीच्या सांध्यांतून वास येतो, आणि थोडं पाणीही वर येतं, पण पंपाच्या खड्ड्यात गेलं तर वासाचा मागमूस नाही. सगळे खूश आहेत. म्हणतात, गळती इतकी थांबली की खड्ड्यापर्यंत काही पोचतच नाही.

माझा घास तोंडातच राहिला.

चर जर वाहता असता तर जंतूंचं पाणी खड्ड्यात आलं असतं, आणि वासही आला असता. एका बाजूला वास आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, याचा अर्थ मध्ये काहीतरी उभं आहे. काय उभं आहे ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ती तिच्यासमोर बसून भाकरी चावत होती.

आता मटाम म्हणजे काय ते सांगते. खणताना आम्ही मधे एक तुकडा न खणता तसाच उभा ठेवतो. साहेब येतो, त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत फीत लावतो, तेवढं खोल खणलं असं लिहितो. खड्ड्यात दुसरा पुरावा नसतो, गेलेली माती कोण दाखवणार. चरात मटाम म्हणजे आडवी भिंतच, या काठापासून त्या काठापर्यंत. माप झालं की तो फोडायचा. माप झाल्याशिवाय मटामाला हात लावायचा नाही. आमच्यात लहान पोरांना चालायच्या आधी हे शिकवतात. माझ्या बापानं एकदा एका साहेबाच्या शब्दावर मटाम फोडला होता आणि अख्ख्या टोळीची पंधरा दिवसांची मेहनत नाही म्हणून ठरली होती.

चौतीस साली शेवटचा मटाम उरला होता. मोजणारा साहेब भावाच्या हळदीला गेलेला. काँक्रीटच्या गाड्या वर रांगेत उभ्या. सुपरवायझर म्हणाला, फोडा, मी लिहून देतो.

मी म्हणाले, "लिहिणारे तुम्ही, फोडणारे आम्ही, आणि उद्या माप कुठंय म्हणून विचारणारे पुन्हा तुम्हीच."

मी हटले नाही, तोही हटला नाही. शेवटी त्यानं मटामाच्या दोन्ही अंगांनी दगड भरायला लावला, वर प्लास्टिक, वर जाळी, आणि दिवस मावळायच्या आत काँक्रीट. प्लास्टिक पडायच्या आधी मी मटामाच्या माथ्यावर चुन्याची फुली मारली. माझा मटाम, माप व्हायचंय. दुसऱ्या दिवशी साहेब आला, हळदीचे हात तसेच, म्हणाला आता काय मोजू, आणि अंदाजानं लिहून गेला.

मला वाटलं होतं, पाणी दगडातून वाट काढेल. आणि खरं सांगायचं तर, गाडी सुरू झाल्यावर हणमंता पहिल्यांदा येऊन म्हणाला होता, आक्का, पंप पाणी धरत नाही, स्टेशनात ओल आणि खड्डा कोरडा, तेव्हा मला मटाम आठवला होता. मी त्यावर भाकरी खाल्ली आणि झोपले.

हे सगळं मी ईश्वरीला सांगितलं. हात धुवायच्या आधी सांगितलं, नाहीतर उठून गेले असते आणि पुन्हा सांगायला बसले नसते.

मला वाटलं ती रडेल नाहीतर ओरडेल. तिनं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "रुंदी किती?"

"दोन हात."

"माथा फरशीला टेकलेला?"

"वर चार बोटं जागा. त्यात आता काय असेल तुझं तूच बघ."

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग तिनं तिच्या हिशेबानं पुढचं सांगितलं. भिंतीच्या भेगा बुजल्या की सगळं पाणी खाली चराकडं वळणार. चरात ते मटामामागं साचलेलं. मंगळवारचा हप्ता त्या साचलेल्या पाण्यात गेला की दगड भरलेला अख्खा चर एकसंध होणार, आणि पाण्याला वाट उरली नाही की ते फरशीच उचलणार. त्यानंतर वाळू. दुसरीकडं, हप्ता थांबवायचा तर तयार झालेले जंतू तीन दिवसांत मरतात. नवे वाढवायला आठ दिवस. महिना संपायला उरलेत तेरा. आणि थांबवायचं कशावर, तर नकाशात नसलेल्या एका भिंतीवर, जिची साक्षीदार तिची स्वतःची आजी.

मी म्हणाले, माझं नाव सांगू नकोस, यंत्रात काहीतरी दिसलं म्हण.

"नाही अव्वा," ती म्हणाली. "हप्ता थांबवायच्या कागदावर सही मी करेन. पण मटामाचं तू सांगायचं. तुझ्या तोंडानं, खाली उभं राहून, सगळ्यांसमोर."

ही माझीच नात, यात शंका नको.

मी म्हणाले, सांगेन. पण हणमंता समोर असल्याशिवाय नाही.

चार वाजता बस सुरू झाल्या, साडेचारच्या बसनं मी अक्कलकोटला गेले. दुकानात तो खाली मान घालून मोटारीत तांब्याची तार गुंडाळत होता, ओठांत वेढे मोजत. मी समोर स्टुलावर बसले. त्यानं एकदा बघितलं आणि मोजत राहिला. वेढे चुकले तर मोटार जळते, हे मला माहीत होतं, म्हणून मी थांबले. एकशे ऐंशीवर त्यानं गाठ मारली. मग मी सांगितलं. जसं ईश्वरीला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही.

तो उठला आणि मागच्या खोलीत गेला. मला वाटलं, आता दार लावून घेतो. पण तो मला हाक मारत होता. मागं पोत्यावर एक मोठा पंप खोलून ठेवलेला होता, नट, पाती, पट्टे, सगळं पुसून ओळीनं मांडलेलं.

"त्याच जातीचा आहे," तो म्हणाला. "भंगारातून आणला. तेवीस वर्षं मी याच्यात खोट शोधतोय, आक्का."

मला बोलायला खूप येतं, सगळी गल्ली साक्ष आहे. तिथं मी एक नट उचलला, पुसला आणि पुन्हा ओळीत ठेवला. शेवटी मी म्हणाले, उद्या सकाळी सातला खाली ये. त्यानं विचारलं, पंप कुठले बसवलेत आता? मी म्हणाले, मला काय कळतं त्यातलं, तूच येऊन बघ. तो म्हणाला, बरं.

सोमवारी सातला आम्ही खाली होतो. तेवीस वर्षांनी. फरशी माझ्या पायांनी ओळखली. ईश्वरीची वरिष्ठ चिलवेरी मॅडम, समितीचे दोन अधिकारी, दहाबारा कामगार. मी पदर खोचला आणि सगळं सांगितलं, हणमंताकडं बोट दाखवून सांगितलं की हा झोपला नव्हता, याचा पंप कोरडा होता कारण माझा मटाम पाणी अडवून उभा होता, आणि मला ते कळायला हवं होतं तेव्हा मी कळून घेतलं नाही.

एक अधिकारी म्हणाला, आजी, पण नकाशावर असं काही नाही.

मी म्हणाले, "नकाशा भरणारा त्या दिवशी हळदीला गेला होता."

चिलवेरी मॅडमनं ईश्वरीला एकच विचारलं, तुला खात्री आहे? ईश्वरी म्हणाली, वास एका बाजूला आहे, यंत्र याचं दुसरं कारण देत नाही, आणि माझी आजी कामाबद्दल खोटं बोलत नाही. मग थांबून म्हणाली, गप्प बसते, पण खोटं बोलत नाही. हे मला लागलं. लागायलाच हवं होतं. तिनं कागदावर सही केली आणि आठ दिवस वाढवलेले जंतू त्या सहीनिशी गेले.

जागा मी दाखवली. किल्ल्याकडच्या भिंतीपासून तिसरा खांब, तिथून पंपाच्या दिशेनं अकरा हात. हात माझाच, कोपरापासून बोटांपर्यंत. पोकळ नळीचं गिरमिट लावलं. काँक्रीट संपलं की सुटा दगड लागायला हवा होता, गिरमिट सैल फिरायला हवं होतं. ते कुरकुरायला लागलं. नळी बाहेर काढली तेव्हा आतून काठीसारखा लांब एकसंध दगड आला. मी मुरूम सोडला होता, ढेकूळ हातानं चुरता येईल असा. पहिल्या हप्त्याचे जंतू त्यात शिरले होते आणि त्यांनी त्याचा खडक केला होता. वरच्या टोकाला, प्लास्टिकच्या चिंधीखाली, चुन्याचा पांढरा पट्टा.

चिलवेरी मॅडमनं तो अंगठ्यानं घासला. हणमंतानं काठी हातात घेतली, फिरवून बघितली आणि परत दिली.

फरशीला दाराएवढं भोक पाडायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी भोवतीचा दगड उपसून, लहान पंप लावून मागचं पाणी तात्पुरतं उतरवलं आणि मटाम उघडा पडला. हिरवट, ओला, माथ्यावर फुली. एक कामगार हातोडा यंत्र घेऊन उतरायला लागला.

मी म्हणाले, "थांब. आधी माप."

अधिकारी हसले. ईश्वरी हसली नाही. ती फीत घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली, माथ्यावर एक टोक धरलं, तळाशी दुसरं, आणि मोठ्यानं वाचलं. चार फूट सात इंच. चिलवेरी मॅडमनं वहीत लिहून खाली सही केली आणि वही माझ्यापुढं धरली. मीही केली. माझी सही वाकडी आहे पण पुरी आहे.

मग मी पहार घेतली. पहिला घाव माझा, असं ठरवूनच आले होते. पहार अशी उसळली की मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. सगळे बघत होते. मी पहार त्या कामगाराला दिली आणि म्हटलं, घे बाबा, मी कच्चं काम करत नाही. तेव्हा मात्र सगळेच हसले, हणमंतासुद्धा.

मटाम तुटायला दुपार झाली. मागचं पाणी दगडांतून सळसळत पुढं निघाल्याचा आवाज आला, तसे आम्ही खड्ड्याकडं चालत गेलो, मी आणि हणमंता, मागं बाकीचे. पंपाचा ऑपरेटर बटनाजवळ उभा होता. हणमंता त्याच्या शेजारी बसला, हात पंपाच्या अंगावर ठेवला आणि मान हलवली. पंप सुरू झाला. आधी तो पोकळ, खरखरीत आवाज, जो त्यानं चार वर्षं ऐकला होता आणि ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. मग गोठ्याचा वास आला, खालून, खड्ड्यातून. आणि पंपाचा आवाज खाली बसला, जड झाला, भरला.

हणमंतानं डोळे मिटले.

"आक्का," तो म्हणाला, "पाणी धरलं."

दुसरा हप्ता मुदतीच्या चार दिवस आधी, वाहत्या पाण्यात सोडला. स्टेशन कोरडं आहे. रुळांचं काम चालू आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात बारा ते चार गाड्या धावणार आहेत, यात मला काही शंका नाही, कारण पंपांवर ऑपरेटर शिकवायला आठवड्यातून दोनदा हणमंता येतो आणि जेवायला माझ्याकडं थांबतो.

गल्लीत मी अजून बोगदा सांगते. पाहुणा आला की आधी बोगदा, मग चहा. फक्त आता चरापासून सुरुवात करत नाही. पंपापासून करते.